तंबूच्या दारातली कुरकुर

सोयाबीनचे भाव पडले, की बायबलमधल्या गणनाच्या पुस्तकाचा 11वा अध्याय काढून वाचावा. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक रानात आहेत, खायला देवानं दिलेला मान्ना मिळतोय, आणि डोळ्यांपुढे नाचताहेत मिसर देशातले मासे, काकड्या, कलिंगडं, कांदे, लसूण. तिथे मासे फुकट खात होतो, म्हणतात. फुकट! विटा थापताना पाठीवर पडलेल्या कोरड्यांचा कोणी उल्लेखही करत नाही. कुरकुर आधी मागचा हिशोब बदलते, मग आजचं ताट बेचव करते. आपल्याकडे ओसरीवर ‘तवा कापसाले काय भाव होता’ हा विषय निघतो, त्यातही त्या वर्षीचा सावकार आणि विकलेली बैलजोडी कोणी आणत नाही.

पण त्याच अध्यायात आणखी एक तक्रार आहे आणि तिच्यावर फारसे उपदेश होत नाहीत. लोक आपापल्या तंबूच्या दारात बसून रडत असतात, तेव्हा त्यांचा पुढारी मोशे सरळ देवाला विचारतो: एवढ्या लोकांना मी जन्म दिला का, की यांना कडेवर घेऊन फिरू? असंच करायचं असेल तर मला मारूनच टाक. शब्द लोकांच्या शब्दांपेक्षा कडक आहेत, तरी त्यांबद्दल देव त्याला दोष देत नाही. उलट भार वाटून घ्यायला 70 वडील देतो. दारात रडणाऱ्यांना खायला लावे पक्षी मिळाले, आणि त्यांच्या मागोमाग मरीही आली.

म्हणून तक्रार केली की नाही, हे पाहून भागत नाही. ती कोणाजवळ नेली, हे पाहावं लागतं. ज्याच्या हातात काही नाही त्याच्यापुढे रोज तेच उगाळणं ही कुरकुर. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौल बेड्यांमधून लिहितो, की सगळं काही कुरकुर न करता करा. हाच पौल त्याच फिलिप्पै शहरात, चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकल्यावर, गुपचूप निघून जायला नकार देतो. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, म्हणतो. रात्री तुरुंगात गाणीही त्यानेच म्हटली होती. गाणं आणि हक्काची मागणी, दोन्ही एकाच दिवसरात्रीत बसतात.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, हमीभाव खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि 12च्या वर गाडी परत, असा नियम असतो. मीटर मला दाखवा, दोन-तीन ठिकाणचा कापूस काढून पुन्हा मोजा, असं शांतपणे सांगणं हे कृतघ्नपण नाही. पावती न मागता घरी यायचं आणि महिनाभर पानठेल्यावर कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरला शिव्या घालायच्या, ही तंबूच्या दारातली कुरकुर. आणि दव असताना वेचलेला कापूस गाडीत भरला असेल, तर दोष मीटरचा नाही, हेही मान्य करावं.

घरात याची सवय लावायची जागा म्हणजे संध्याकाळची कुटुंबप्रार्थना. दहा मिनिटं पुरतात. ती जेवणाआधी घ्यावी. जेवल्यावर वावरातून आलेला माणूस बसल्या जागी पेंगतो. सुरुवात सर्वांत लहान मुलापासून करावी, कारण मोठ्यांचं आधी ऐकलं की मुलं तेच घोकतात. प्रत्येकानं उपकारस्तुतीचं एकच वाक्य म्हणावं. त्यात आजचीच गोष्ट असावी, आणि एखाद्या माणसाचं, जनावराचं किंवा वस्तूचं नाव असावं. ‘आरोग्य दिलं, सांभाळ केला’ हे वाक्य पाठ असतं, त्यामुळे म्हणताना काहीच आठवावं लागत नाही. ‘दुपारी लाइन सलग राहिली, हरभऱ्याचं ओलित झालं’ म्हणायला मात्र दुपार पुन्हा डोळ्यांपुढे आणावी लागते. कालचं वाक्य आज चालणार नाही, एवढा नियम ठेवला तर आठवड्याभरात येणारा तोचतोचपणा टळतो.

दुसऱ्या फेरीत तक्रार, तीही देवाला उद्देशून आणि एका वाक्यात. बायबलमधलं 13वं स्तोत्र ‘किती वेळ’ असं चारदा विचारतं; तेवढी मोकळीक घरातही असू द्या. मग उद्या ती कोणाकडे न्यायची ते ठरवावं: वायरमनकडे, तलाठ्याकडे, सोसायटीच्या सचिवाकडे, का समोर बसलेल्या नवऱ्याकडे. पावसासारखी कोणाकडेच नेता येत नसेल, तर ती प्रार्थनेतच ठेवायची, चहाच्या टपरीवर पुन्हा उघडायची नाही. समोर बसलेल्या माणसाची चूक या फेरीत काढू नये. ते दोघांत, एकांतात बोलायचं असतं, मत्तयाच्या 18व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे.

बिघडतं ते बहुधा टोमण्यानं. ‘देवा, आज सुनेनं वेळेवर चहा दिला, तुझे उपकार’ हे ऐकून सून उद्यापासून प्रार्थनेला डोकं दुखतं म्हणणारच! दुसरा बिघाड तुलनेचा. शेजाऱ्याच्या वावरात बोंडअळी जास्त लागली, आपलं त्यापेक्षा बरं, ही उपकारस्तुती नाही. मंदिरात ‘देवा, मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो’ म्हणणारा येशूच्या दाखल्यातला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, आठवा. त्याची प्रार्थना आभारांनीच सुरू होते, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो मागे उभा राहून दया मागणारा जकातदार.

तिसरा बिघाड गंभीर आहे. कर्ज थकलेल्या, जेवण तोडलेल्या, मरणाची भाषा करणाऱ्या माणसाला ‘देवाचे उपकार मान’ सांगणं ही क्रूरता आहे, आणि विदर्भात तर ती परवडणारीच नाही. अशा माणसाजवळ बसावं, कीटकनाशकाचे डबे त्याच्या हाती लागणार नाहीत असे हलवावेत, त्याला एकटं ठेवू नये, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर त्याच्यासोबत फोन लावावा. मार खाणाऱ्या बाईला सोशिकपणाचं वचन वाचून दाखवू नये. 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक द्यावा, जीवाला धोका असेल तर 112. 88वं स्तोत्र आभाराच्या एका शब्दाशिवाय अंधारातच संपतं आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. संदेष्टा हबक्कूकसुद्धा आधी सगळं नुकसान मोजतो: अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा. मगच आनंदाचं बोलतो. बोंडअळीबद्दल आभार मानायला तो सांगत नाही.

उपकारस्तुतीची पारख मात्र रोजच्या व्यवहारात होते. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, असं बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा 24वा अध्याय सांगतो. वेचणीला आलेल्या बायांचा कापूस त्यांच्यासमोर मोजावा, काटा त्यांना दिसेल असा धरावा, किलो आणि रक्कम वहीत लिहावी आणि पैसे त्याच संध्याकाळी द्यावेत. ‘बाजाराच्या दिवशी देतो’ म्हणून घरी येऊन स्तोत्र गाणाऱ्याचं गाणं त्या बायांच्या घरापर्यंत पोचत नाही. सोयाबीन सोंगल्यावर सरवा, म्हणजे वावरात मागे राहिलेलं पीक, वेचायला आलेल्यांना हाकलू नये. लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात तो गरिबांचा वाटा आहे.

मंडळीच्या हंगामाच्या रविवारी ज्वारी, तूर, भोपळा, कोंबडी, अंडी वेदीपुढे येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. लिलाव रंगतो, पण मोठ्या बोलीच्या नादात एकच अंडं आणणारी म्हातारी मागे सरते. देणाऱ्याचं नाव पुकारू नये, लहान वस्तू आधी घ्याव्यात. भूमिहीन घरांनी काय आणायचं, हे पाळकांनी दोन आठवडे आधीच सांगावं: सरव्यातली पायलीभर तूर, परसातली मिरची, झाडू, काहीही. नापिकीच्या वर्षी हा रविवार रद्द करायचा विचार पुढे येतो. तो करू नये, मात्र कार्यक्रम बदलावा. अनुवादाच्या 26व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली ठेवताना मिसरातल्या छळाची हकिकतही तोंडानं सांगायची असते, आणि मग ज्यांना स्वतःची जमीन नाही ते लेवी व परदेशी यांच्यासह जेवायचं असतं. त्या वर्षी लिलाव नको. जे आलं असेल ते तिथेच शिजवावं, आणि जेवायला ज्यांच्या घरी काहीच पिकलं नाही त्यांना आधी बसवावं.