पावसाची वही ठेवणारा आमचा मित्र

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा त्यासोबतच्या अर्जात ‘सध्याचे पद व हुद्दा’ असा एक रकाना होता. ज्या वर्गमित्राविषयी मी येथे लिहीत आहे, त्याने त्या रकान्यात ‘शेती’ एवढेच लिहिले असते. गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, घरी बैलांचे खांद शेकण्याची तयारी चालू असताना, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. आजारपण नव्हते आणि वयाची पन्नाशीही अजून दूर होती. घरच्यांच्या इच्छेला मान देऊन त्याचे नाव मी छापत नाही; आपल्या गावाला ते सांगण्याची गरजही नाही.

‘शकुंतला’ या आपल्याकडच्या नॅरोगेज रेल्वेगाडीचे वाफेचे इंजिन १९९४ साली बंद होऊन डिझेलचे आले, त्या वर्षी आम्ही नववीत होतो. विज्ञानाच्या सरांनी त्या पावसाळ्यात शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला आणि वर्गाला विचारले की, मोठ्या तोंडाच्या भांड्यात जास्त मिलिमीटर पाऊस भरेल की लहान तोंडाच्या? आम्ही बहुतेकांनी ‘मोठ्या’ असे ओरडून सांगितले. हा मात्र काही बोलला नाही. पुढच्या पावसात त्याने आईचा पिठाचा डबा, एक सरळ काठाचा गंज (पातेले) आणि पाणी प्यायचा पेला अंगणात मांडला आणि कंपासपेटीतली पट्टी बुडवून तिन्ही मापे घेतली. डबा आणि गंज यांचे माप सारखे निघाले, पेल्याचे मात्र जास्त. पेला तळाशी निमुळता असल्यामुळे रुंद तोंडातून आलेले पाणी त्यात उंच चढते, हे सरांनी मग त्याच पेल्यावर समजावले, आणि त्या दिवसापासून गच्चीवरची नोंद त्याच्याकडे आली. (गंज परस्पर अंगणात नेल्याबद्दल आईने त्याला काय ऐकवले, हे त्याने स्वतःच मधल्या सुट्टीत साभिनय सांगितले होते.)

दहावीनंतर आम्ही अमरावती-नागपूरकडे पांगलो आणि तो वडिलांच्या शेतीत राहिला, पण नोंद सुटली नाही. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, तो माप घेई आणि वहीत लिही. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरायचा, हा खात्याचा नियमही त्याने कटाक्षाने पाळला.

आपल्या दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात या वहीचे मोल बाहेरच्यांना चटकन कळणार नाही. येथे विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे ते पिकाला देता येत नाही; जमीन खोल काळी, पावसाने एकदा भिजली की वाफसा येईपर्यंत, म्हणजे ओल मशागतीजोगी होईपर्यंत, पाय ठेवू देत नाही. मूग काढून हरभरा पेरायचा तर तो जमिनीत मुरलेल्या ओलीवरच येतो. ही ओल किती असेल, याचा अंदाज तो वहीवरून बांधत असे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, हा शाळेतला हिशोब त्याने शेततळे खोदताना कामी आणला. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हा गावातील कितीतरी जण अर्ज भरण्यापूर्वी तळे कोणत्या उताराला घ्यावे, हे विचारायला त्याच्याकडे गेले होते.

अतिवृष्टीच्या दिवसांत त्याच्या ओसरीवर गर्दी होई. नुकसानभरपाईसाठी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि तो मोजला जातो महसूल मंडळाच्या केंद्रावर. केंद्र काही किलोमीटर दूर असले की तिथे रिमझिम आणि आपल्या शिवारात ढगफुटीसारखी स्थिती, असे होऊ शकते. अशा वेळी वाद घालणाऱ्यांना तो शांतपणे सांगे, “माह्या वहीवर पैसे भेटत नाहीत गा, पन पडलं तेवढंच लिहिलं हाय.” स्वतःचे पीक गेले त्या वर्षीही त्याने आकडा फुगवला नाही. माझ्या ओळखीच्या अनेक सुशिक्षितांना, मी स्वतः धरून, हे जमले असते असे मला वाटत नाही.

मला त्याचा फोन येई तो पहिला पाऊस झाल्यावर. ख्यालीखुशाली नंतर, आधी “तुमच्या नागपूरले किती पडलं बे?” हाच प्रश्न. मी ‘बराच पडला’ म्हटले की तो चिडायचा, कारण ‘बराच’ हे त्याच्या लेखी माप नव्हते.

त्याच्या मुलीने त्या पोळ्यानंतरही नोंद चालू ठेवली आहे. ती सध्या आपल्याच शाळेत नववीत शिकते. घरच्यांनी जुन्या वह्यांच्या छायाप्रती शाळेच्या प्रयोगशाळेला देण्याचे मान्य केले असून, आमच्या तुकडीतर्फे महोत्सवानिमित्त गच्चीवर नवा पर्जन्यमापक बसवला जाईल. पूर्वीचा कधीच मोडीत निघाला. नव्याची नोंद कोणत्या वर्गाकडे द्यायची, हे विज्ञान शिक्षकांनी ठरवावे. साडेआठची वेळ तेवढी सांभाळावी, अशी विनंती आहे.