पांढऱ्या घोड्याच्या गुडघ्यावर

"मामा, तू गुडघ्यावर बसलायस. म्हणजे घोड्याच्या गुडघ्यावर!" हातातल्या छापील चित्राशी ताडून पाहत भाची ओरडली. मला काहीच पत्ता लागत नव्हता. माझ्यासमोर होता तो फक्त उतारावरून वळत गेलेला जेमतेम दोन मीटर रुंदीचा पांढराफटक पट्टा. दोन्ही बाजूंना मेंढ्यांनी कुरतडलेलं आखूड गवत, आणि माझ्या हातात लोखंडी हातोडा. हा पट्टा म्हणजे घोडा आहे, असं बसल्या जागी कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

जागा म्हणजे दक्षिण इंग्लंडमधल्या अफिंग्टन गावाच्या डोक्यावरची व्हाइट हॉर्स हिल. तिच्या उतारावर पांढरा खडू ठासून काढलेलं घोड्याचं प्रचंड, प्राचीन चित्र आहे. मावसबहीण स्विंडनला राहते, तिथून गाडीने अर्ध्या तासाची वाट. टेकडीची उंची 261 मीटर हे वाचलं तेव्हा हसू आलं होतं, कारण आमचं पुणं टेकड्या सोडून नुसतंच साडेपाचशे मीटरवर आहे. पण ऑक्सफर्डशरमधली ही सर्वांत उंच जागा. ऑक्सफर्डशर म्हणायचं तेही 1974 पासून. त्याआधी घोडा बर्कशरमध्ये होता. काउंटींच्या सीमा बदलल्या आणि तो जागचा न हलता दुसऱ्या जिल्ह्यात गेला.

वर पोचल्यावर मात्र हसू ओसरलं. उत्तरेकडे जमीन एकदम खाली पडते आणि पार क्षितिजापर्यंत सपाट खोरं पसरतं. कुंपणांच्या गडद रेघा, पिकांचे चौकोन, मधूनच एखाद्या चर्चचा मनोरा. वारा असा की टोपी हातातच धरावी लागली. डोक्यावर तांबूस घारी शेपटी वळवत तरंगत होत्या आणि कुठूनतरी चंडोलाचं न थांबणारं गाणं येत होतं. तो पक्षी शेवटपर्यंत दिसला नाही.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथे सगळ्यात आधी खटकतो तो दगड. काळा नाही, कठीण नाही, नखाने ओरखडला तर नखात उतरतो. ही सगळी टेकडी खडूची आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता, त्यातल्या सूक्ष्म शेवाळांची कवचं तळाशी साचत गेली आणि त्यांचा हा दगड झाला. गंमत अशी की खडू साचण्याचं ते युग साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी संपत होतं, त्याच सुमाराला आपल्याकडे लाव्हा उसळून दख्खनचं पठार घडत होतं. म्हणजे इथला पांढरा दगड संपतो तिथे आपला काळा दगड सुरू होतो. बाकी शाळेतला खडू आता बहुतेक जिप्समचा असतो, हे मला इथे येऊन कळलं. फसवणूकच ती.

आता काम. ही टेकडी सांभाळणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था दर उन्हाळ्यात स्वयंसेवकांना बोलावते. मांडी ठोकून बसायचं, पट्ट्यात उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं, बादलीतले खडूचे ढेकूळ ओतायचे आणि हातोड्याने ठेचत राहायचं. आधी ढेकळांचे तुकडे होतात, मग चुरा होतो, आणि ओलसरपणामुळे शेवटी त्याची लापशीसारखी लगदी होऊन ती खालच्या थराला धरते. हात फिरवला की गुळगुळीत लागतं, थेट सारवलेल्या अंगणासारखं. बहिणीला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "आजीने बघितलं असतं तर म्हणाली असती, एवढ्या लांब जाऊन शेवटी सारवायलाच बसलात." दहाव्या मिनिटाला पाठ बोलायला लागली. पंधराव्याला मी हातोडा डाव्या अंगठ्यावर मारला. शेजारच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी मान न वळवता सांगितलं, "पहिल्या वर्षी सगळ्यांचं होतं." त्या कितव्या वर्षाला होत्या, विचारायचं राहिलं.

घोडा नाकापासून शेपटीपर्यंत 110 मीटर लांब आहे. अंग म्हणजे एक लांबलचक वाकडी रेघ, दोन पाय शरीरापासून सुटलेले, तोंड चोचीसारखं आणि डोळा एकच. हे कुत्र्याचं चित्र आहे इथपासून ड्रॅगनचं आहे इथपर्यंत सगळी मतं ऐकायला मिळतात. पण अकराव्या शतकातल्या अ‍ॅबिंग्डन मठाच्या नोंदींत ही टेकडी 'पांढऱ्या घोड्याची' म्हणूनच येते, त्यामुळे हजार वर्षं तरी लोकांच्या लेखी तो घोडाच आहे. आणि मला विचाराल तर पळताना ताणलेलं अंग इतक्या कमी रेघांत दुसऱ्या कुठल्या जनावराचं उतरलं नसतं.

तो कुणी काढला यावर बरीच भांडणं झाली. 871 साली राजा आल्फ्रेडने अ‍ॅशडाउनला डेन लोकांना, म्हणजे व्हायकिंगांना, हरवलं, त्या विजयाची ही खूण, ही गोष्ट सर्वांत लाडकी. राजा म्हटलं की गोष्ट पक्की होते, तिथेही आणि इथेही. निकाल लागला तो 1990च्या दशकात, आणि तोही मातीच्या साक्षीने. उत्खननात दिसलं की घोडा नुसतं वरचं गवत खरवडून काढलेला नाही. चर खोदून त्यांत खडू ठासून भरलेला आहे. मातीतल्या गारगोटीच्या कणांवर ऊन पडणं थांबलं की त्यांच्यात आजूबाजूच्या किरणोत्साराची ऊर्जा थोडी थोडी साठत जाते. प्रयोगशाळेत ती मोजली की कण किती काळ अंधारात आहेत ते कळतं. चरांच्या तळाशी दबलेल्या गाळाने सांगितलेला काळ निघाला इसवी सनपूर्व 1380 ते 550 यांच्या दरम्यानचा. आल्फ्रेड जन्मला तेव्हा घोडा हजार-पंधराशे वर्षांचा तरी होता.

आणि हे काही दगडावर कोरलेलं शिल्प नाही. आपल्या राजापूरजवळच्या कशेळीचा हत्ती जांभ्यात कोरलेला आहे, माणसं त्याला विसरली तरी तो सड्यावर पडून राहिला. या घोड्याकडे वीस-पंचवीस वर्षं कुणी फिरकलं नाही तर गवत त्याला गिळून टाकील. म्हणजे तीन हजार वर्षांत एकही पिढी अशी गेली नाही, जिने हे काम पूर्ण सोडून दिलं. कांस्ययुगातले लोक गेले, रोमन आले-गेले, सॅक्सन आले, धर्म बदलले, भाषा बदलल्या. घोडा कशासाठी काढला होता हे सांगणारं कुणी उरलं नाही, तरी पुढच्या माणसाने गवत उपटलंच. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांना खूण मिळू नये म्हणून तो गवताच्या ढलप्यांनी आणि काटक्यांनी झाकून टाकला होता, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा उघडला. अलीकडे डोकं आणि मान कडेच्या गवतामुळे बारीक होत चालल्याचं लक्षात आलं, तेव्हा 2024 मध्ये कडा पुन्हा कापून काढल्या.

पूर्वी या सफाईची मोठी जत्रा भरायची. खाऊ-पिऊ, कुस्त्या, शर्यती, आणि घोड्याखालच्या दरीत चीजची चाकं गडगडत सोडून त्यांच्यामागे धावायचं. शेवटची मोठी जत्रा 1857 सालची. याच गावात जन्मलेल्या टॉमस ह्यूझ या लेखकाने तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्या दरीचं नाव 'मँजर', म्हणजे घोड्याची गव्हाण. हिमयुगातल्या गोठण्या-वितळण्याने तिच्या एका कुशीला ओळीने पन्हळ पडले आहेत. कलत्या उन्हात ते पडद्याच्या चुण्यांसारखे दिसत होते. रात्री घोडा इथे चरायला उतरतो म्हणे.

माथ्यावर अफिंग्टन कॅसल आहे. कॅसल ऐकून मी बुरूज, दरवाजा, पाण्याचं टाकं असं सगळं मनात धरून गेलो आणि मिळाला मातीचा गोल बांध, बाहेरून खंदक, आत तीनेक हेक्टर गवत आणि एक कंटाळलेली मेंढी. लोहयुगातला आहे, पूर्वी लाकडी खांबांचा तट होता, सगळं मान्य. तरी राजगडवाल्याचं समाधान होत नाही. घोड्याच्या खालच्या अंगाला ड्रॅगन हिल नावाचा सपाट माथ्याचा बुटका उंचवटा आहे. सेंट जॉर्जने ड्रॅगन मारला तो इथे, आणि रक्त सांडलं तिथे गवत उगवत नाही. टक्कल खरंच आहे, पांढरं. भाचीने त्यावर उभं राहून पाच मिनिटं ड्रॅगनचं मरण करून दाखवलं.

तिथून रिजवे या प्राचीन डोंगरवाटेने पश्चिमेला दोन किलोमीटर गेलं की वेलँड्स स्मिदी, म्हणजे वेलँडची लोहारशाळा, लागते. बीचच्या झाडांच्या गोलात एक लांबट मातीचा ढिगारा, तोंडाशी माणसापेक्षा उंच शिळा. साडेपाच हजार वर्षांपूर्वीची थडगी, म्हणजे घोडा काढणाऱ्यांनाही ती जुनीपुराणीच. 1962-63च्या उत्खननात आतल्या सर्वांत जुन्या कक्षात 14 माणसांचे अवशेष सापडले. सॅक्सनांनी तिला आपल्या लोहारदेवाचं नाव दिलं. घोडा इथे बांधायचा, शिळेवर एक नाणं ठेवायचं आणि निघून जायचं. परत याल तेव्हा नाल ठोकलेला असेल, लोहार मात्र दिसायचा नाही. अजूनही लोक शिळांच्या फटींत नाणी खोचतात. मी खिसे चाचपले. इंग्लंडमध्ये दहा दिवस सगळीकडे कार्ड टेकवत फिरलो होतो, नाणं एकही नव्हतं. बहिणीकडे दोन पेन्स निघाले. ते ठेवू की नको यावर दोघींचं एकमत होईना, कारण दगडाला इजा होते. शेवटी ते भाचीच्या खिशात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंडनची गाडी पकडली. "उजव्या खिडकीशी बस," असं बहिणीने बजावलं होतं. स्विंडन सुटलं, शेतं सुरू झाली, आणि दूर हिरव्या उतारावर तीन-चार पांढऱ्या रेघा दिसल्या. कालपासून पहिल्यांदा मला तो घोड्यासारखा दिसला. मी काळानिळा अंगठा काचेला टेकवून गुडघा शोधत होतो, तेवढ्यात मध्ये झाडं आली.