तुम्ही विचारलंत म्हणून: पळणाऱ्याला पोलीस मारू शकतात का?

"मॅडम, पळाला तर पोलीस मारणारच ना?" हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीची आई विचारते, तेव्हा मी ‘नाही’ म्हणावं म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत असते. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले कुणाचे तरी काका विचारतात, तेव्हा त्यांना ‘हो’ ऐकायचं असतं. मी साताऱ्यात फौजदारी वकिली करते. दोघांनाही माझं उत्तर एकच असतं: पकडण्यासाठी लागेल तेवढं बळ वापरता येतं. माणूस हाती लागला की तो अधिकार संपला.

१ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यामुळे जुनं कलम ४६ आता ४३ झालंय. त्यात अटकेची रीत सांगितली आहे. पोलिसाने माणसाच्या अंगाला हात लावून त्याला ताब्यात घ्यायचं, आणि तो आपणहून चालू लागला तर तेवढंही करायची गरज नाही. बाईला अटक करायची तर तोंडी सांगणं पुरतं, आणि तशीच वेळ आल्याखेरीज पुरुष पोलिसाने तिच्या अंगाला हात लावायचा नाही. कुणी अंगावर आला किंवा पळू लागला तर त्याला धरण्यासाठी जे करावं लागेल ते पोलीस करू शकतात. पण त्याच संहितेत थोडं पुढे कलम ४६ आहे: अटक केलेल्याला पळून जाता येऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा जास्त जखडायचं नाही. काकांना पहिलं कलम पाठ असतं. दुसरं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पोलिसांची बाजू मला दिसत नाही असं नाही. समोरच्याच्या हातात कोयता, आपल्या हातात काठी, पायाखाली उसाचा फड नाहीतर नाल्याचा चिखल, आणि मागे कुमक नाही. अशा वेळी तराजू घेऊन बळ मोजता येत नाही. कोर्टही अशी अपेक्षा करत नाही. झटापटीत आरोपीचा हात मोडला तर त्या शिपायाला दोष द्यायला मी उभी राहत नाही.

काकांना मी तुकाराम ओंबळ्यांची आठवण करून देते. आमच्याच जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्री गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीत पळवलेली स्कोडा अडवली गेली. ओंबळ्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या तरी सोडली नाही. सहकाऱ्यांनी काठ्यांनी कसाबला बडवून काबूत आणलं. एवढी मारहाण मी कोर्टात एका शब्दानेही चुकीची म्हणणार नाही, कारण त्याच्या हातात बंदूक होती आणि ती चालू होती. पण नंतर काय झालं? त्याला नायर रुग्णालयात नेलं. त्याच्यावर उपचार झाले, खटला चालला, त्याला वकील मिळाला, निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. ज्यांचा सहकारी डोळ्यांदेखत गेला होता, त्या पोलिसांनी त्याला जिवंत ठेवला. महाराष्ट्र पोलिसांनी केलेली ही सगळ्यात मोठी अटक आहे असं मी मानते. दोनपाचशे रुपयांच्या चोरीतल्या पोराला ठाण्यात नेऊन पट्ट्याने बडवणाऱ्याने ‘दुसरा इलाजच नव्हता’ असं मला सांगू नये.

गोळीचा प्रश्न याहून अवघड आहे. कलम ४३ म्हणतं की ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना ठार मारायचा अधिकार या कलमाने मिळत नाही. म्हणजे सोनसाखळी हिसकावून पळणाऱ्याला या कलमाच्या आधाराने ठार मारता येणार नाही. स्वसंरक्षणाचा हक्क वेगळा. तो पोलिसालाही आहे, तुम्हालाआम्हालाही आहे. मात्र कलमाची ही मोजपट्टी मला पटत नाही. १८९८ च्या संहितेतही ती अशीच होती, फक्त जन्मठेपेच्या जागी काळं पाणी होतं. ती आरोप किती मोठा हे बघते. या क्षणी समोरचा माणूस किती धोकादायक आहे, हे बघत नाही. बनावट नोटा छापण्याला जन्मठेप आहे, म्हणून निःशस्त्र पळणारा नोटा छापणारा कलमाच्या संरक्षणाबाहेर राहतो. रात्री हमरस्त्यावर लूटमार करणाऱ्याला जास्तीत जास्त १४ वर्षं, म्हणून तो त्या संरक्षणात येतो.

अमेरिकेत हा मुद्दा एका पोराच्या जिवावर सुटला. १९७४ साली मेम्फिसमध्ये एडवर्ड गार्नर नावाचा १५ वर्षांचा मुलगा घरफोडी करून कुंपणावरून पळत होता. त्याच्याजवळ हत्यार नसावं असं पोलिसाला दिसत होतं, तरी त्याने गोळी झाडली. मुलाजवळ सापडले १० डॉलर आणि एक पर्स. १९८५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पळणाऱ्यापासून पोलिसाला किंवा इतरांना गंभीर धोका असल्याशिवाय त्याच्यावर प्राणघातक बळ वापरता येणार नाही. आपल्या नव्या संहितेत असं एक वाक्य घालण्याची संधी होती. ती गेली याचं मला खरोखर दुःख आहे.

चकमकींबद्दल थोडक्यातच लिहिते. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ मध्ये नियम घालून दिले गेले: गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हायची, आणि घटनेनंतर लगेच कुणाला बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही. २००६ साली लखन भैय्या ऊर्फ रामनारायण गुप्ता याला वाशीतून उचललं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात चकमक दाखवली. त्यात पोलिसांना झालेली जन्मठेप मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये कायम केली. पकडलेला माणूस पळणारा म्हणून दाखवला होता, हे सिद्ध व्हायला किती वर्षं गेली ते मोजा.

माझं रोजचं काम मात्र गोळीशी नसतं, ‘पळताना पडला’ या दोन शब्दांशी असतं. रिमांडला आणलेल्या पोराच्या कागदांत हे दोन शब्द असले की मी आधी त्याचे हात बघते. धावताना पडणारा माणूस तळहातांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर, हनुवटीवर पडतो. तिथे खरचटतं, खडी रुतते. पळताना पडून तळपायांवर आतून सूज येत नाही. मांड्यांच्या मागच्या बाजूला आडवे वळ उठत नाहीत. काठीचा वळ तर स्वतःच बोलतो: दोन समांतर लाल रेघा आणि मध्ये फिकट पट्टी. कुठल्याही न्यायवैद्यकाच्या पुस्तकात हे आहे. दुसरी गोष्ट रंगाची. ताजा मार लालसर असतो, मग निळा-काळा होतो, आणि हिरवट व्हायला साधारण पाचसहा दिवस लागतात. अटक काल रात्रीची दाखवली आहे आणि दंडावरचा डाग हिरवा आहे, तर मधले दिवस हा मुलगा कुठे होता? चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं असतं. तो डाग हेच माझं पहिलं म्हणणं.

मग न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" आरोपीच्या दोन्ही बाजूंना तेच दोघं उभे असतात, जे पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाला तर त्याला संध्याकाळी परत घेऊन जाणार असतात. तो खाली बघत ‘नाही’ म्हणतो, आणि तसं लिहून घेतलं जातं. मी दर वेळी विनंती करते की पोलिसांना बाहेर थांबायला सांगून मग विचारावं. काही न्यायाधीश ऐकतात. त्या पाच मिनिटांत जे कळतं ते पुढे वर्षभराच्या उलटतपासणीत कळत नाही.

काकांचा शेवटचा मुद्दा ठरलेला असतो: कोर्टात सगळे सुटतात, म्हणून पोलिसांनीच काय ते करावं. मी बचाव पक्षाची वकील आहे, म्हणून हे माझ्याकडूनच ऐका. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, आणि त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग येतो. मारून कबूल करून घेतलं की तपास तिथेच थांबतो. पंच धड घेतलेले नसतात, फुटेज मागवलेलं नसतं, फोनचे तपशील काढलेले नसतात. माझ्या अशिलाच्या अंगावरचे वळ हे सरकारी पक्षाच्या केसला पडलेलं भोक असतं, आणि त्यातून खरा गुन्हेगारही बाहेर पडतो. ज्या बाईचं मंगळसूत्र गेलं तिच्या हाती काही लागत नाही.

व्हरांड्यातल्या त्या आईला मी हे सगळं सांगत बसत नाही. तिला सांगते: अटक झाल्यावर डॉक्टरी तपासणी व्हायलाच हवी, आणि डॉक्टरांनी जखमा कुठे आहेत, अंदाजे किती वेळापूर्वीच्या आहेत, हे लिहायचं असतं. त्या अहवालाची प्रत तुमच्या मुलाला किंवा तो सांगेल त्या माणसाला मिळते; ती मागा. कोठडीत ठेवला तर दर ४८ तासांनी पुन्हा तपासणी व्हावी, असं सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच ठरलंय. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण १८ महिने जपून ठेवायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे, म्हणून अर्ज आजच टाकायचा, पुढच्या तारखेला नाही. आणि डॉक्टरांपुढे उभा राहील तेव्हा शर्ट काढायला सांगा, पायातल्या चपलासुद्धा.