झाकणाचं कापड

दारूच्या बाटलीचं झाकण पिरगाळलं की कर्रकन आवाज येतो. झाकण आणि त्याखालची कडी यांना जोडणारे बारीक सांधे तुटतात, त्याचा तो आवाज. कडी बाटलीच्या मानेला राहते, झाकण हातात येतं, आणि दोघांचीही नोकरी तिथेच संपते. अॅल्युमिनियमचा पत्रा, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. एकट्या झाकणाला भंगारात किंमत नाही. पोतं भरलं तर ते भट्टीत जातं आणि पश्चिम आफ्रिकेत त्याची पातेलीही ओतली जातात.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस नायजेरियातल्या न्सुक्का गावाबाहेर एल अनात्सुई यांना अशा झाकणांची टाकून दिलेली पिशवी सापडली. १९४४ साली घानात जन्मलेले हे शिल्पकार १९७५पासून तिथल्या विद्यापीठात शिकवत होते. ओतायचं सोडून त्यांनी झाकणं जोडायला घेतली.

एका झाकणातून तीन माल निघतात. वरची गोल चकती, कापून सपाट केलेली बाजूची पट्टी आणि ती कडी. पट्ट्यांचं दाट, रंगीत कापड होतं. कड्या एकमेकींत अडकवल्या की आरपार दिसणारी जाळी. कोपऱ्यांना भोकं पाडायची, तांब्याची तार ओवायची, पीळ द्यायचा. कसब सगळं या पिळात. जास्त आवळला तर पातळ पत्र्याची कड फाटते. सैल राहिला तर टांगल्यावर वजनाने जागोजाग फटी पडतात. तांबं मऊ, बोटांनी वळतं आणि वळवलेलं तसंच राहतं, पोलादी तारेसारखं उसळून उलगडत नाही. मात्र तीच तार सोडून पुन्हा पिळली, की तांबं कडक होऊन तुटतं. शिवाय ओल लागली तर तांब्याच्या संगतीत अॅल्युमिनियमच आधी खराब होतं, आणि तेही नेमकं भोकापाशी, जिथला रंग खरवडला गेलेला असतो.

डझनावारी मदतनीस असे तुकडे बांधतात. अनात्सुई ते जमिनीवर मांडतात, फोटो काढतात, तुकडे हलवतात, पुन्हा फोटो काढतात. गोधडी घालणाऱ्या कुणालाही हा प्रकार अनोळखी वाटू नये.

ऑक्टोबर २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातल्या टर्बाइन हॉलमध्ये त्यांचं ‘बिहाइंड द रेड मून’ हे झाकणांचं काम टांगलेलं होतं. शिडासारखा फुगलेला लाल चंद्र, मधोमध कड्यांच्या जाळीतल्या तरंगत्या आकृत्या, शेवटी जमिनीपर्यंत ओघळणारी काळी भिंत. ही जागा मुळात तेलावर चालणाऱ्या वीजकेंद्राची. टेट हे नाव साखरेच्या व्यापाऱ्याचं. ऊस, गुलामी, रम आणि अटलांटिकवरची जहाजं यांचा हिशेब दारूच्या झाकणांनी तिथे मांडावा, यात योगायोग थोडाच आहे.

म्हणूनच ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे लेबल इथे तोकडं पडतं. निव्वळ पर्यावरणाचा जमाखर्च पाहिला तर भट्टीच सरस: जुनं अॅल्युमिनियम वितळवायला खनिजातून नवं काढण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. कचऱ्याच्या बऱ्याच प्रदर्शनांत हा जमाखर्च झाकलेलाच राहतो. समुद्रातलं प्लॅस्टिक नव्याकोऱ्या लोखंडी सांगाड्यावर गरम गोंदाने चिकटवायचं; वर्षभरात गोंद सुटतो, उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं, आणि प्रलयाचा देखावा स्वतःच कचरा होऊन बसतो. सांधा कसा घालायचा हे आधी ठरवलेलं नसलं की असं होतं.

अनात्सुईंचा सांधा मोडत नाही, वाकतो. त्यामुळे भिंतभर काम चादरीसारखं घडी होऊन पेटीत मावतं. पुढच्या ठिकाणी चुण्या कुठे पाडायच्या हे बहुतेकदा ते टांगणाऱ्यांवरच सोडतात. टांगणाऱ्यांचं पहिलं काम मात्र चुण्यांचं नसतं: घडी उलगडून, कडेकडेने बोट फिरवत, प्रवासात कुठली तार तुटली ते शोधायचं.