मार्लोच्या मागावर: आधी डेप्टफर्ड, मग ग्लोब

एलिझाबेथ राणीच्या काळातले नाटककार, दरबारी कारस्थानं आणि मधूनच एखादं भूत नाहीतर परी, अशा कादंबऱ्यांचं ज्यांना वेड आहे त्यांनी लंडनला उतरल्यावर थेट ग्लोब थिएटर गाठू नये. शेक्सपिअरच्या थिएटरची ही प्रतिकृती देखणी आहे, पण ते 1997 साली उघडलेलं नवं बांधकाम. आधी डेप्टफर्डला जा. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार क्रिस्टोफर मार्लो तिथेच मारला गेला. लंडन ब्रिजहून लोकलने दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि ट्यूबला, म्हणजे भुयारी रेल्वेला, चालतं तेच कॉन्टॅक्टलेस कार्ड इथेही चालतं.

बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार गाठलात तर हाय स्ट्रीटवर बाजार भरलेला असतो. तो ओलांडून नदीच्या दिशेने चालत राहिलं की सेंट निकोलस चर्च लागतं. फाटकाच्या दोन्ही खांबांवर दगडी कवट्या आहेत, खाली हाडांची फुली. पावसापाण्याने झिजल्यात, तरी डोक्यावरची पानांची माळ जवळ गेल्यावर कळते. आजची इमारत 1697ची, म्हणजे मार्लोनंतरची. बुरूज तेवढा जुना. आम्ही गेलो तेव्हा चर्चला कुलूप होतं, पण खरं काम आवारातच असतं. भिंतीवर मार्लोच्या नावाची पाटी आहे. थडगं शोधत बसू नका, त्याला बिननिशाणीचं पुरलं होतं.

जवळच कुठेतरी एलिनॉर बुल या बाईचं घर होतं. 30 मे 1593 रोजी तिथे चौघे जण दिवसभर बसले होते: मार्लो, इंग्रॅम फ्रायझर, निकोलस स्कियर्स आणि रॉबर्ट पोली. यातला पोली सरकारी हेर. दहाच दिवसांपूर्वी मार्लोला राणीच्या सल्लागार मंडळापुढे, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलपुढे, हजर व्हावं लागलं होतं. पंचनामा म्हणतो, बिलावरून जुंपली आणि फ्रायझरने बारा पेन्सांच्या खंजिराने उजव्या डोळ्याच्या वर वार केला. मार्लो 29 वर्षांचा होता. दरबारापासून बारा मैलांच्या आतला मृत्यू म्हणून चौकशीला राणीचा स्वतःचा कॉरोनर, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, आला, आणि महिन्याभरात फ्रायझरला माफीही मिळाली! हा पंचनामा सरकारी दप्तरातून उजेडात आला तो 1925 साली. खंजिराची किंमत लिहून ठेवणारा कागद बाकीच्याबद्दल इतका मुका कसा, याच फटीत या सगळ्या कादंबऱ्या राहतात.

मग थेम्सच्या दक्षिण काठावरचं बँकसाइड. पार्क स्ट्रीटवर रोझ थिएटरचे अवशेष 1989 साली सापडले. नाट्यगृहमालक हेन्स्लोने ते 1587ला बांधलं. नट एडवर्ड ॲलनने इथे मार्लोचं ‘डॉक्टर फॉस्टस’ केलं, सैतानाला आत्मा विकणाऱ्या विद्वानाचं नाटक. त्या नाटकाची एक आख्यायिका आहे: प्रयोग ऐन रंगात असताना नटांनी रंगमंचावरची भुतं मोजली, तर एक जास्त भरलं. रोझ रोज उघडं नसतं, आधी चौकशी करून जा. ग्लोबमध्ये नाटक बघायचं तर पिटातलं तिकीट सगळ्यात स्वस्त, पण तिथे बसायला मिळत नाही आणि छत्रीही चालत नाही. डोक्यावर छप्पर नाही, तेव्हा टोपीचा रेनकोट न्या. पायांत चप्पल नको, बूट हवेत.

जादूटोण्याची बाजू हवी असेल तर ब्रिटिश म्युझियम, खोली क्रमांक 1. प्रवेश फुकट. राणीच्या राज्याभिषेकाचा मुहूर्त काढून देणाऱ्या जॉन डीचा म्हणून ओळखला जाणारा काळा आरसा तिथे आहे: मेक्सिकोतल्या ऑब्सिडियनचा, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेचा, हातात मावेल एवढा. कपाटात इतक्या वस्तू आहेत की न बघता पुढे जाल.

वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या कवींच्या कोपऱ्यात मार्लोच्या नावाची खिडकी आहे आणि तिच्यावर मृत्यूच्या सालाआधी चक्क प्रश्नचिन्ह, जणू तो तेव्हा मेला की नाही हीच शंका! ही खिडकी 2002ची. मजा येते, पण ॲबीचं तिकीट महाग आहे. नुसत्या त्या चिन्हासाठी मी काढणार नाही.

एखादा दिवस शिल्लक असेल तर मार्लोचं जन्मगाव कँटरबरी. सेंट पॅन्क्रसहून हायस्पीड गाडी तासाभरात पोचवते, सकाळची गर्दी टाळली तर तिकीटही स्वस्त पडतं. त्याचा बाप्तिस्मा झाला त्या सेंट जॉर्ज चर्चचा फक्त मनोरा उरलाय, बाकीचं 1942च्या बाँबफेकीत गेलं. मनोरा पाच मिनिटांत बघून होतो, म्हणून कॅथीड्रलही त्याच फेरीत उरका.