कॅसेटच्या शेपटातला आवाज

जुन्या कॅसेट डिजिटल करून देणं हा माझा धंदा. येतात त्या बहुतेक लग्नाच्या, नाहीतर कीर्तनाच्या. त्या दिवशी साठीच्या एक काकू 'डिस्को दीवाने' घेऊन आल्या.

"काकू, ही गाणी मोबाईलवर फुकट आहेत."

"मला हीच हवीय."

कॅसेटला स्क्रू नव्हते, कवच चिकटवलेलं. टेप दाबून धरणारा आतला प्रेशर पॅड केव्हाच गळून पडलेला. ब्लेडनं सांधा उकलून टेप नव्या कवचात घालताना माझ्याच हातून ती तुटली. जोडली, पण घाम फुटला.

मग नाझिया हसन सुरू झाली. कराचीची मुलगी, 'कुर्बानी' १९८० साली आला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण 'आप जैसा कोई' तेवढं बिड्डू या संगीतकाराचं. त्याच गाण्याला फिल्मफेअर मिळालं. पुढच्याच वर्षी भाऊ झोहेबबरोबर हा अल्बम. पडद्यावर कुणी नायिका नाही, तरी लोकांनी विकत घेतला. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' यायला अजून चौदा वर्षं होती, आणि तेही बिड्डूनंच केलं. आवाज पातळ, किंचित नाकातला. आमच्यातले जुने रेकॉर्डिस्ट नाक मुरडायचे. मला वाटतं, खरी गंमत तिथंच होती: लता-आशा ऐकायच्या, ही मात्र आपल्यालाही जमेल असं वाटायचं.

दुसरी बाजू संपत आली आणि खट्‌ आवाज झाला. पंख्याची घरघर, आणि एक मुलगी तेच गाणं म्हणू लागली. मी जुनं कवच उचलून पाहिलं. वरच्या खाचांवर पिवळी पडलेली सेलोटेप! खाचा अशा झाकल्या की विकतच्या कॅसेटवरही रेकॉर्डिंग होतं; मूळ गाण्याच्या शेपटावरच कुणीतरी ते केलं होतं. मध्येच आतून हाक, "अगं, दूध उतू चाललंय!" थोडी शांतता, मग पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी काकूंनी हेडफोन लावला.

"सूर लागला नाहीये ना?"

"मध्ये झोहेबच्या ओळी कोण म्हणतंय?" मी विचारलं.

"आमचा दादा. पाच रुपये घेतले होते त्यानं." मग जरा थांबून म्हणाल्या, "नाझिया गेली २००० साली, लंडनला. पस्तिशीची. मी तेव्हा चौतीस."

घरघर काढून टाकू का, असं मी विचारलं.

"पंखा काढा. आईला हात लावू नका."