खिशातले ॲम्प: जुळवाजुळवीची पुढची नोंद

हेडफोनला जोर देणाऱ्या छोट्या ॲम्प्लिफायरची (ॲम्पची) ही तुलना. या खेपेला टेबलावर तीन जण. कंपासपेटीत बसवलेला माझा सीमॉय (स्वतः जोडायचा छोटा ॲम्प; आत सिग्नल वाढवणारी ऑप-ॲम्प चिप ओपीए२१३४, नऊ व्होल्टची एक बॅटरी, सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतले), मित्राकडून मागून आणलेला ओ२ हा दुसरा ॲम्प आणि ॲपलचा यूएसबी-सी डाँगल, म्हणजे हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर. डाँगलला ॲम्प म्हणायचं का, यावर भांडायला मोकळीक आहे. आत डॅकसोबत (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा भाग) ॲम्प असतोच, म्हणून मी त्याला रांगेत घेतला. प्लेअर दोन, आयपॉड क्लासिक आणि लॅपटॉप. हेडफोन तीन: सेनहायझर एचडी ६००, कॉस पोर्टा प्रो आणि एटिमॉटिक ईआर४पी.

ऐकायला बसण्याआधी पातळी जुळवली. अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही. तो ‘जास्त मोकळा’, ‘जास्त बारकावे’ असं काहीतरी सोंग घेऊन येतो. स्प्लिटर लावून, हेडफोन जोडलेला ठेवून, ४०० हर्ट्झच्या सुरावर मल्टीमीटरने एसी व्होल्ट मोजले. साध्या मीटरचा त्यापुढे भरवसा नाही. आणि ५०-६० वर मोजावं, तर एचडी ६०० चा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) तिथे आधीच चढू लागलेला असतो.

प्लेअरचं लवकर आटोपलं. आयपॉडच्या डॉक कनेक्टरमधून लाइन-आउट (प्लेअरच्या व्हॉल्यूममधून न जाणारा सिग्नल) घेतलं काय, किंवा हेडफोन जॅकमधून घेतलं काय, पातळी जुळल्यावर मला तरी वेगळं सांगता येईना. अपवाद एकच: आयपॉडचा आवाज खाली आणि ॲम्पचा वर ठेवला की ईआर४पी मध्ये मागे हिस (बारीक ‘स्स्’ असा आवाज) ऐकू येते. प्लेअर वर, ॲम्प खाली ठेवा, ती जाते. (अँड्रॉइड फोनवर हा डाँगल पुष्कळदा दबका वाजतो, तो फोनच्या व्हॉल्यूमचा घोळ. म्हणून तो लॅपटॉपलाच लावला.)

खरी गंमत ईआर४पी ने आणली. डाँगलवर आणि ओ२ वर तो एकसारखाच. सीमॉयवर लावला आणि तानपुऱ्याची जवारी एकदम पुढे आली, गायिकेचे सकार टोचू लागले. पहिली प्रतिक्रिया साहजिकच ‘वा, काय डिटेल!’ पण कारण ऑप-ॲम्पमध्ये नाही. माझ्या सीमॉयच्या आउटपुटला ४७ ओहमचा रेझिस्टर आहे. ईआर४पी चा इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीबरोबर चढत जातो, त्यामुळे रेझिस्टर खालचे सूर जास्त खातो आणि वरचे कमी. ईआर४पी ला ७५ ओहमचा अडॅप्टर लावून ईआर४एस करायची जुनी पद्धत आहे, ती नेमकी यावरच चालते. म्हणजे आपण ज्याला ॲम्पचा स्वभाव म्हणतो, तो इथे काही पैशांच्या रेझिस्टरचा होता.

तोच सीमॉय एचडी ६०० वर जवळपास निरुपद्रवी. ३०० ओहमपुढे ४७ फार नाहीत. ९० हर्ट्झच्या आसपास इम्पिडन्स ५०० च्या वर जातो, तिथे हिशोबाने अर्धा डेसिबल चढ येतो. डग्ग्याला किंचित अंग आल्यासारखं वाटलं, पण त्यावर पैज लावणार नाही. पोर्टा प्रो ६० ओहमचा, त्याचे पाचेक डेसिबल रेझिस्टरनेच गिळले, बाकी सूर तोच.

एचडी ६०० ची अडचण वेगळी, व्होल्टची. डाँगल जास्तीत जास्त १ व्होल्ट देतो, म्हणजे ३०० ओहमला साधारण ३.३ मिलिवॅट. आजच्या दणदणीत मास्टर केलेल्या गाण्यांना पुरून उरतात. जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं मात्र हळू असतात, तिथे डाँगल टोकाला जातो आणि तरी अजून थोडं हवंसं वाटतं. सीमॉय त्याच्यापेक्षा फार पुढे नाही: नऊ व्होल्टचे दोन भाग केले की दोन्हीकडे साडेचार, त्यातून ऑप-ॲम्पला वर-खाली मोकळी जागा सोडावी लागते. बॅटरी उतरली की डग्ग्याचा खुला बोल ‘घे’ न वाजता ‘थप्प’ वाजतो, घुमारा कापला जातो. दोन बॅटऱ्यांच्या ओ२ ला हे झेपतं. तोटा एवढाच की तो खिशात मावत नाही, जॅकेट लागतं, आणि पुण्यात जॅकेट वर्षातून दोन महिने.

पोर्टा प्रो साठी डाँगल पुरे, दुसरं काही घेऊ नका. आता सीमॉयचे ४७ ओहम काढतोय. हिस वाढली तर १० चा लावेन. प्लेनार (सपाट पडद्याच्या) हेडफोनचा इम्पिडन्स जवळपास सपाट असतो, कुणाकडे एखादा असेल तर रेझिस्टरसह आणि रेझिस्टरविना लावून बघा. पातळी जुळवायला विसरू नका.